तांदळासकट अन्नपूर्णा

"माझी अन्नपूर्णा गेली हो!" फोनवर सुमतीबाई रडत होत्या.

उपनिरीक्षक मैथिली लगेच कोपरला पोहोचली. चांदीची अन्नपूर्णा देव्हाऱ्यातून नाहीशी झाली होती, खालच्या तांदळाच्या वाटीसकट. शेजारची चांदीची निरांजनं मात्र जागच्या जागी. मूर्ती बाईंना लग्नात आईने दिलेली. उद्या त्या कायमच्या ठाण्याला मुलाकडे जाणार होत्या. पण देवी सापडेपर्यंत त्या हलणार नव्हत्या.

"संशय कोणावर?"

"मालनवर. दुसरं कोण येतं इथे?"

त्या हे बोलल्या तेव्हा शेजारचे हरिहरराव समोरच खुर्चीत बसलेले होते. निवृत्त प्राध्यापक, बायको गेलेली. रोज सकाळी फुलं आणून द्यायचे, चहा घेऊन जायचे.

घरकाम करणाऱ्या मालनला मैथिलीने उभंच ठेवलं.

"सकाळी कुठे होतीस?"

"कचरा टाकायला गेलेले. मॅडम, बाईंसोबत ठाण्याला राहायला चाललेय मी. चोरी कशाला करू?"

"हितेश, तू?"

"मी घरीच," घरमालक म्हणाला. "मला तर जागा उद्याच रिकामी पायजे. नवीन भाडेकरू थांबलाय."

"काका, तुम्ही काही पाहिलंत?"

"नाही हो," हरिहरराव म्हणाले. मैथिलीने त्यांचे आभार मानले.

जिन्यात ती थबकली. स्वतःचाच राग आला तिला. तशीच वर आली.

"चांदी हवी असती तर चोराने तांदूळ ओतून टाकले असते, निरांजनंही उचलली असती. याने देवीला धक्काही न लावता नेलं. त्याला फक्त बाईंना थांबवायचं होतं. मालन तर सोबत जाणार होती. हितेशला घर रिकामं हवंय. राहिलं कोण?"

ती हरिहररावांकडे वळली.

"कुठे होतात, हे मी या दोघांनाच विचारलं. काका, तुम्हाला फक्त काय पाहिलंत, एवढंच. तुमचे पांढरे केस, आमच्या कॉलेजातल्या सरांसारखं बोलणं. तुमच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. मूर्ती कुठेय?"

हरिहरराव उठले. आपल्या घरातून वाटी घेऊन आले.

"तुम्ही गेलात की माझ्याशी बोलणारं कोणीच उरत नाही," ते सुमतीबाईंना म्हणाले.

सुमतीबाईंनी देवी छातीशी धरली.

"मालनताई, चुकलंच माझं," मैथिली म्हणाली.

"तुम्ही मला ओळखत नव्हता, मॅडम." मालनने सुमतीबाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्ही तर ओळखत होता ना? मी नाय येत ठाण्याला."