चार्ज घेतला, ताई

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी हे सुरू झालं. सात महिन्यांच्या लेकीच्या नाकात ऑक्सिजनची नळी, आणि आई खाटेशी डोळ्यांत तेल घालून बसलेली. कंत्राटी सिस्टर नळी बघायला आली आणि भिंतीला टेकून उभ्या उभ्याच पेंगली. काल दुपारपासून तिची ही तिसरी पाळी. दुसरीने चार्ज, म्हणजे वॉर्डाचा ताबा, घेतल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही असा नियम, आणि दुसरी कोणी मिळतच नव्हती. पाळ्या लावणाऱ्या मोठ्या बाई, मेट्रन, सगळ्यांदेखत टोमणा मारून गेल्या होत्या, "कंत्राटींना कुठली आलीय झोप?"

आईला राहवलं नाही. तिने स्टूल पुढे केलं. "ताई, पाच मिनिटं टेका. मी आहे ना."

सिस्टर बसली, तिची मान कलली. आणि मेला डोळा, आईचाही लागला.

जाग आली ती स्पिरिटच्या वासाने. खांद्यावर गार बोटं. पंखा फिरत होता, पण आवाज नव्हता.

"बाई, उठा... नळी निसटली होती."

जुन्या पद्धतीची टोपी घातलेली एक सिस्टर खाटेवर वाकली होती. लेकीच्या निळ्या ओठांवर हळूहळू रंग चढत होता. गालावर नळी धरणारी नवी पट्टी, तिच्यावर शाईने वेळ लिहिलेली. २.१०.

"माझा चार्ज... कोण घेणार?" टोपीवालीने विचारलं.

आईने घाबरून कंत्राटी सिस्टरला हलवलं. वळून पाहते तो खाटेशी कोणीच नाही.

पट्टी पाहून वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशींनी झाडू खाली ठेवला. काही वर्षांपूर्वी याच खाटेशी एक कंत्राटी सिस्टर तिसऱ्या पाळीत कोसळून जागीच मेली होती, म्हणाल्या. चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही. पट्टीवर वेळ लिहायची सवय तिचीच.

कंत्राटी सिस्टर स्टूलावरून उठली. हात जोडून म्हणाली, "चार्ज घेतला, ताई. तुम्ही... बसा आता."

रिकामं स्टूल करकरलं.

मग कंत्राटी सिस्टर थेट मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. चौथी पाळी माझ्याने होणार नाही, चार्ज तुम्ही घ्या, म्हणाली. बाईंनी तोंड उघडलं, खाटेशेजारच्या स्टूलाकडे पाहिलं आणि चार्जची वही पुढे ओढली.

लेक आता रांगते. आई तिला तपासायला नेते तेव्हा त्या स्टूलाला हात लावून येते. कोमट लागतं, कोणी आत्ताच उठल्यासारखं. गेल्या खेपेला त्यावर वेळ लिहिलेली एक पट्टी होती. शाई ओली होती.

तुमचं कोणी वॉर्डात असेल तर पाळीवरच्या पोरीला बसायला द्या. आणि रिकामं स्टूल दिसलं तर हळूच म्हणा, चार्ज घेतला. एवढं चार जणींना सांगा.