अठराच्या पुढची मोजणी

बसा. कॉल येईपर्यंत सांगतो. तुम्ही अॅम्ब्युलन्सवर ट्रेनिंगले नवे आले, चेतनाचं नाव कुठून तरी कानावर येईनच. त्याआधी माझ्याकडून ऐका. गाडी मीच चालवत होतो.

नऊ डिसेंबर, मंगळवारची रात्र. एका बाळंतिणीले दवाखान्यात सोडून आम्ही सौंदडच्या रस्त्यानं परत येऊन राहिलो होतो. मागं गाडीवरचे डॉक्टर भुपेंद्र सर, अन् त्यांच्या हाताखाली शिकणारी चेतना. केशोरी गावची पोट्टी. तुमचाच कोर्स. सकाळी वर्ग, दुपारी वॉर्डात ड्युटी, मग अॅम्ब्युलन्सवरचे तास भरायचे.

तिचा बाप यादोराव, धानाचा शेतकरी. सही येत नव्हती, पोरीच्या कोर्सच्या फॉर्मवरही अंगठाच लावला होता. पोरगी सुट्टीत घरी आली का उशीवर छाती दाबायचा सराव करे. तीस दाब, दोन श्वास. बाप बाजूले बसून मोजे. तिची लय चुकली का म्हणे, "घाई नको करू, माय."

ऑगस्टात तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती. फोन बाहेर, बॅगेत. आत ती प्लास्टिकच्या पुतळ्याची छाती दाबून राहिली होती, अन् त्याच वेळी घरी यादोराव अंगणात पडला. तिच्या मायनं, कुसुमबाईनं, सात फोन केले. घरात दुसऱ्या कोणाले ते दाबणं येत नव्हतं... चेतना बाहेर आली तेव्हा पास झाली होती. बाप गेला होता.

कोर्स सोडते म्हणे. कुसुमबाई म्हणाली, "सोडशीन त सोड. पण मग त्यानं कायले मोजलं?"

आली परत. पण पहिल्यासारखी बोलत नव्हती.

त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कॉल आला. जवळच्याच गावात पन्नाशीचा माणूस कोसळला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा श्वास नव्हता. मशीनचा झटका देऊन त्याले गाडीत घेतलं. घरचे मोटरसायकलवर मागून निघाले. भुपेंद्र सर तोंडावर फुगा धरून हवा देत होते. चेतना छाती दाबून राहिली होती, मोठ्यानं मोजत.

"पंधरा, सोळा, सतरा..."

तिचा आवाज फुटला. हात चालू होते. मोजणी बंद.

बाहेर धुकं. मी समोर पाहत होतो.

मागून आवाज आला. पुरुषाचा. हळू.

"अठरा... एकोणीस... वीस..."

वाटलं, सर.

"घाई नको करू, माय... एकवीस..."

सर तिले चेतना म्हणत. माय कधीच नाई.

मी मागं वळलो नाई. तीस झाले. हवा. परत एक... दोन...

बारा मिनिटं. तो आवाज थकला नाई.

दवाखान्याच्या फाटकात माणूस खोकला. श्वास आला. अन् आवाज थांबला.

त्याले आत सोपवून सर बाहेर आले. "बिसराम, तू मोजत होतास ना?"

"मले त तुम्हीच वाटले."

सरांनी नाई म्हणून मान हलवली.

चेतना गाडीच्या पायरीवर बसली होती. मी बाजूले बसलो. ती म्हणाली, "काका, त्या दिवशी घरी एवढंच करायचं होतं. मले येत होतं, काका."



तो माणूस आठव्या दिवशी आपल्या पायानं घरी गेला. चेतना तेव्हाही त्याले भेटाले गेली नाई. आता ती दुसऱ्या जिल्ह्यात गाडीवर आहे. त्या बारा मिनिटांचा विषय कधी काढत नाई.

पण त्या पहाटेचं एक राहिलं. शिकणाऱ्यानं प्रत्येक केस आपल्या वहीत लिहायची असते, खाली ती केस पाहणाऱ्याची सही. तिचा हात चालत नव्हता, म्हणून सरच म्हणाले, मी लिहितो. वही रात्रभर गाडीच्या कप्प्यात होती. सरांनी नवं पान उघडलं. पेन काढला. थांबले.

मले पान दाखवलं.

वर सगळं कोरं. खाली, सहीच्या जागी, डाव्या अंगठ्याचा निळा ठसा.

शाईचं पॅड आमच्या गाडीत कधी नव्हतं. सरांनी बोट लावून पाहिलं...

शाई ओली होती.