साबणाच्या फलकासमोरची झाडं

"उद्या कापणार? सायकलआजोबांचं झाड?" टिचकीने करकचून ब्रेक दाबला.

"वाळलंय ना! कीड लागली म्हणे," दादा म्हणाला.

त्याच झाडाच्या सावलीत आजोबा सायकली दुरुस्त करत. सावली गेली की दुकानही गेलं. सुट्टीभर पोरांच्या चाकांत फुकट हवा भरणारे आजोबा आज हत्यारं आवरत होते.

तिचा मित्र भोपळ्या मात्र चौकात उभा राहून वर बघत होता. "काय हुशार कीड आहे! साबणाच्या त्या भल्यामोठ्या फलकासमोरचीच झाडं खाते. बाजूची बघा, हिरवीगार!"

खरंच की! फलकाच्या आड येणारी तेवढीच झाडं वाळली होती. टिचकीने आजोबांच्या झाडाचं खोड चाचपलं. मुळाशी मातीचा बोळा लागला. तो उपटला तर आत गोल भोक आणि नाकाला झोंबणारा वास!

"ड्रिलने पाडलंय! आत काहीतरी ओतलंय!" दादा ओरडला.

तिघं धावत टिचकीच्या मावशीकडे गेली. मावशी नगरपालिकेत जाहिरात फलकांचे परवाने बघायची.

"फलकासाठी झाडाला इजा केली की परवाना रद्द! पण कोणी केली, ते कळायला नको?"

"कळेल! तू फक्त संध्याकाळी आजोबांकडे पंक्चर काढायला ये," टिचकी म्हणाली.

बाजूच्या हिरव्या झाडाची एक फांदी फलकाकडे झुकली होती. तिच्यावर जुनी चादर टाकून पोरांनी तंबू ठोकला. फलकावरच्या साबणाची अर्धी वडी चादरीआड गेली!

संध्याकाळी फलकवाला तणतणत आलाच. "ए, काढा ते!"

"काढतो, काका," टिचकी साळसूदपणे म्हणाली. "पण फांदी तर आड येणारच ना?"

पोरांसमोर काहीही बोललं तरी चालतं, असं मोठ्यांना उगाच वाटतं. फलकवाला हसला. "तिचं बघतो मी. महिन्याभरात वाळेल!"

"इतकी हिरवी फांदी कशी हो वाळेल?" आजोबांच्या स्टुलावरून मावशी उठली.

फलकवाला गाडीकडे सटकू लागला. त्याच्या गाडीत ड्रिल आणि उग्र वासाची बाटली सापडली.

झाड कापणं थांबलं, फलक उतरला. "पाहणी आमचं काम, पण केली तुम्ही. शाब्बास!" मावशी म्हणाली. आजोबांचं झाड जगेल का, हे मात्र कोणालाच सांगता येईना. पोरांनी उरलेली सुट्टी झाडाला पाण्याच्या बादल्या वाहण्यात घालवली.

शेवटच्या सकाळी आजोबांनी हाक मारली. एका डहाळीवर इवलीशी पालवी फुटली होती! त्यांनी पंप उंचावला.

"आता तुम्हाला जन्मभर हवा फुकट!"

"ती आधीपासून फुकटच आहे, आजोबा!" टिचकी म्हणाली आणि तिने बादली उचलली.