साळूबाईंची सवत

मामांच्या पहिल्या पुण्यस्मरणाचा कार्यक्रम भोरला विहारात ठरला, तेव्हा गावी जाऊन सासूबाईंना आणि मामांची पेटी घेऊन यायचं काम माझ्याकडे आलं. नसरापूरला गाडी बदलली आणि वेल्ह्याच्या एसटीत बसले. गावात उतरले तेव्हा दुपारीच डोंगरावरून धुकं खाली आलं होतं. ओल्या भिंतींचा, शेवाळाचा वास दाटला होता.

मामा म्हणजे माझे सासरे, रामभाऊ. उभा जन्म रेल्वेत गँगमन होते, नीरा-लोणंदच्या बाजूला. उन्हातान्हात रूळ सांभाळायचे आणि सुट्टीला आले की पेटी खांद्यावर टाकून गावोगाव भीमगीतांच्या कार्यक्रमांना जायचे. ऐंशी ओलांडली तरी त्यांची साथ मिळावी म्हणून गायक घरी येऊन बसायचे. लोक म्हणायचे, रामभाऊंची पेटी बोलते.

सासूबाईंना, साळूआत्यांना, नेमकं तेच सलायचं. त्या तिला कधी पेटी म्हणाल्या नाहीत. सवत म्हणायच्या. आम्ही हसायचो.

मी घरात शिरले. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पेटी पुढ्यातच होती.

"घिऊन जा," त्या म्हणाल्या. "पर वाजायची न्हाई ती."

मी झाकण उघडलं. आतल्या पितळी पट्ट्या, ज्यांच्यातून सूर निघतात, त्या सगळ्या उपटलेल्या होत्या.

"आत्या, हे कुणी केलं?"

"म्या. नदीत टाकल्या." त्यांच्या आवाजात जराही खंत नव्हती. "चार दिस घरी यायचं माणूस, त्यातबी मांडीवर ही. भूषण जलमला तवा पोराचं तोंड बघायच्या आदी हिच्यावरची धूळ पुसली त्यांनी. मरताना मातर माजा हात धरला. म्हनलं, आता तरी माजा झाला. तर बोटं मनगटावर फिराया लागली, शुभे... पेटीवर फिरावी तशी."

त्या गप्प झाल्या. आणि त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. खर्जातला, एकसारखा सूर. आधी वाटलं, माशी घोंगावते आहे. पण आत्यांची छाती वर झाली की तो चढायचा, खाली गेली की उतरायचा. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

"आत्या... हा आवाज..."

"त्या पट्ट्या टाकल्यापासनं हाय." त्यांचे डोळे चमकले. नव्या नवरीसारख्या लाजल्या त्या. "आता तिच्यात न्हाई, माज्यात हाय. आता मलाच वाजिवत्यात ते."

मी त्यांना भोरला आणलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिले. मग छातीत कफ आहे म्हणाले आणि औषध लिहून दिलं.

कार्यक्रमाच्या सकाळी विहार भरला होता. वंदना झाली. किकवीची प्रेरणा नावाची मुलगी गायला आली होती. मामांना तिने कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी चाल लावलेलं एक गाणं मात्र तिला पाठ होतं. साथीला नुसती ढोलकी. आत्या बाजूच्या भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी होते.

प्रेरणाने तोंड उघडायच्या आधीच आत्यांच्या छातीतून सूर निघाला. तो मोठा होत गेला. प्रेरणाने तोच पकडला. लोकांना वाटलं, कुणी मोबाईलवर तंबोरा लावला असेल. आत्या डोळे मिटून हसत होत्या. त्यांचा इतका सुखी चेहरा मी कधीच पाहिला नव्हता.

दुसऱ्या कडव्याला त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"शुभे..." आवाज घोगरा झाला होता. "ही... त्यांची बोटं न्हाईत गं..."

"कुणाची मग?"

"बाईची हायती..."

मला उठायचं होतं, कुणाला तरी हाक मारायची होती. पण त्यांच्या मुठीतून हात सुटेना. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, टाळ्या थांबल्या. सूर थांबला नाही. मी दुसरा हात आत्यांच्या नाकापुढे धरला. श्वास नव्हता. छाती हलत नव्हती. आणि सूर चालूच होता... सगळा विहार ऐकत होता. बुद्धभूषण, माझे मालक, धावत आले. त्यांनी आईला उचलून आडवं केलं, तेव्हा कुठे तो बंद पडला.

आठवड्याने प्रेरणा भेटायला आली. चहा घेताना ती जरा अडखळली.

"वहिनी, एक विचारू? आत्यांच्या मागं बसून त्यांच्या पाठीवर हात हलवत होत्या, त्या बाई कोण? पेटीचा भाता मारावा तसा हात चालला होता त्यांचा."

"मागं? मागं तर भिंत होती गं."

"न्हाई, म्या बघितलं ना. तरुणच होत्या. लई हसत होत्या." तिने कप खाली ठेवला. "आत्यांना आडवं केल्यावर उठल्या त्या... आन् तुमच्या मागं येऊन बसल्या."