कम्प्युटरच्या पाठीवरचं ओझं

"आधी सांग, कम्प्युटर मेलाय की दमलाय?" मनीच्या आतेभावानं विचारलं. घरात त्याला सगळे प्रोफेसर म्हणत.

"काय फरक पडतो?" मनी म्हणाली.

मोज्यांच्या कारखान्यात बाबा कम्प्युटरवर नक्षी काढायचे आणि कम्प्युटर ती विणयंत्राला टाक्याटाक्यानं सांगायचा. दुरुस्तीवाल्या काकांनी त्यावर नवी, चकचकीत सिस्टिम घातली आणि यंत्र अर्ध्या मोज्यातच अडू लागलं. "म्हातारा झालाय, भंगारात काढा," काकांनी निकाल दिला. मालक नक्षीकामच बंद करणार होते. बाबांचं काम जाणार! तेव्हापासून घरात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. सुट्टी लागली, तरी मनीला ना आनंद झाला ना काही.

"फरक पडतो!" धाकटा भाऊ ओरडला. "मी पाहिलंय! पासवर्ड टाकेपर्यंत तो पळतो. रंगीत पडदा उघडला की हाशहुश!"

प्रोफेसर ताडकन उठला. "म्हणजे अंगात जोर आहे, दागिनेच जड झालेत!"

त्यानं आपल्या लॅपटॉपच्या पोटात लुटुपुटूचा कम्प्युटर उभा केला, व्हर्च्युअल मशीन. त्याला मेमरी दिली कारखान्यातल्याइतकीच, चिमूटभर. त्यावर तीच चकचकीत सिस्टिम घातली. माउसचा बाण हलेना! मग सिस्टिमचा पडदाच बदलला, हलका डेस्कटॉप घातला. साधी पट्टी, साध्या चौकटी, ना सावल्या ना नखरे. बाण भिरभिरला!

"चला कारखान्यात!"

पाय चालत होते, म्हणून मनी गेली.

"पोरखेळ वाटला का?" दुरुस्तीवाले काका गुरगुरले.

"काका, तुम्ही भंगारात काढलाय ना?" मनी कोरड्या आवाजात म्हणाली. "मग आम्ही आणखी काय बिघडवणार?"

मालक खो खो हसले. "बसा रे पोरांनो!"

"माझ्या नक्ष्या..." बाबा पुटपुटले.

"हात लावत नाही, मामा," प्रोफेसर म्हणाला. "आहे त्याच्याशेजारी फक्त हलका डेस्कटॉप घालतो. पासवर्ड टाकताना तो निवडायचा."

काम झालं. बाबांनी नक्षी उघडली. यंत्र खडखडलं. टाचेपाशी आलं, इथंच अडायचं! धाकट्यानं डोळे मिटले. मनी नुसती बघत राहिली. टाच वळली, पंजा विणला, मोजा टपकन टोपलीत पडला!

"म्हातारा नव्हताच की हो!" मालक काकांना म्हणाले. काका पिशवी आवरू लागले. "नक्षीकाम चालू राहील. शाब्बास रे पोरांनो, मोठ्यांचे कान उपटलेत!"

बाबांनी मोजा मनीपुढे धरला. "घालून बघ."

तिनं घातला. "बाबा! टोचतोय हा!" ती ओरडली. कितीतरी दिवसांनी चक्क राग आला होता तिला.

"टोचतोय?" बाबांनी वाकून तिचं पाऊल हातात घेतलं. "उद्या सूत बदलतो."