मास्तरांची कानउघाडणी

"आत्या, ही कानवाली दिसायला काय सुरेख आहे गं!"

त्याच्या मते तो कुजबुजला होता. पण दोन्ही कान गच्च बसलेल्या माणसाला आपली कुजबुज केवढी मोठी आहे, हे कसं कळावं? दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतल्या झाडून साऱ्या माना वर झाल्या. श्रवणयंत्राची तक्रार घेऊन आलेले एक आजोबा तर खूश होऊन म्हणाले, "हे मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू आलं हो!"

आणि 'पुढचे कोण?' म्हणून विचारायला दारात आलेली ती... कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

ती या दवाखान्यात कान तपासायचं आणि साफ करायचं काम करत असे. मोठ्या डॉक्टरीणबाई शस्त्रक्रिया करायच्या, औषधं द्यायच्या. पण अडलेला मळ काढावा तो तिनेच. हात असा हलका, की लहान मुलंसुद्धा रडायची विसरायची. त्या मुलांनीच तिला 'कानताई' नाव दिलं आणि मग मोठ्यांनीही तेच उचललं.

पुढचा पेशंट अर्थातच तो कुजबुजणारा होता. उंच, रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला. त्याच्या पाठीशी उभ्या बुटक्या बाईंनी त्याला पुढे ढकललं.

"मी याची आत्या. दोन दिवस झाले, काही म्हटलं की 'अं?' करतो. पोहायला शिकवतो हा, तलावावर. कानात पाणी गेलंय म्हणतो. मी म्हटलं, पाणी आहे की पूर आहे, दाखवून तर ये."

"काय म्हणालीस?" तो गरजला.

कानताईने ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्चीकडे खूण केली. तो मुकाट्याने बसला. तिने दिव्याची नळी उजव्या कानाला लावली. पाणी पिऊन फुगलेला मळ बाटलीच्या बुचासारखा घट्ट बसला होता. कानाची दुर्बीण तिने पुढे ओढली, बारीक नळीचं शोषणयंत्र सुरू केलं आणि त्याच्या खांद्यावर हलकेच थोपटलं — आवाज येईल, हलू नका. त्याने डोळे मिटून घेतले.

थोडा वेळ नुसतं सूं-सूं... आणि मग काहीतरी सुटल्यासारखं 'पट्' वाजलं.

त्याने डोळे उघडले. छताकडे बघितलं. "या पंख्याला एवढा आवाज आहे?"

"आहे. तेल घालायला झालाय," ती म्हणाली.

त्याने वळून तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. "तुमचा आवाज असा आहे होय..."

"कसा वाटला होता?"

"नुसतं तोंड हलताना दिसत होतं ना... मला वाटलं, रागवत असाल." मग त्याला काहीतरी आठवलं. "मघाशी बाहेर मी — म्हणजे — जरा मोठ्याने बोललो का?"

"छे! पलीकडच्या गल्लीत नाही ऐकू गेलं."

आत्या पदरात तोंड लपवून हसल्या. मास्तर — तलावावरची मुलं त्याला मास्तरच म्हणत — इतका ओशाळला, की डाव्या कानासाठी मान वळवताना त्याला बरंच वाटलं असावं.

डावा कानही मोकळा झाला. पण दुर्बिणीतून बघता बघता कानताईचं हसू विरून गेलं. तिने यंत्र बंद केलं. "या कानात काय घातलं होतंत?"

"काही नाही."

"खरं सांगा."

"कापसाची काडी... रोजच घालतो. मध्ये एकदा कुणाचा तरी धक्का लागला. जोरात कळ आली होती. पण थांबली नंतर."

ती उठून मोठ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनीही बघितलं आणि मान हलवली. कानाच्या पडद्याला छिद्र पडलं होतं. लहानसं, पण छिद्र ते छिद्र.

मग कानताईने त्याची जी कानउघाडणी केली, ती आत्यांनीसुद्धा कान देऊन ऐकली. "मळ म्हणजे शत्रू नाही हो! राखणदार आहे तो कानाचा. धूळ अडवतो, किडामुंगी अडवतो, आणि त्याचं काम झालं की आपसूक बाहेर येतो. तुम्ही रोज काडी घालून त्याला आत ढकलत होतात! आता ऐका. कानात थेंब नाही, तेल नाही, काडी तर नाहीच नाही. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. नाक जोरात शिंकरायचं नाही. आणि पडदा भरेपर्यंत डोकं पाण्याखाली घालायचं नाही."

"बाई, मी पोहायला शिकवतो!"

"माहीत आहे."

"माशाला सांगताय, पाण्यात जाऊ नको म्हणून."

"माशाला कानात काड्या घालायची हौस नसते."

तो हसला, पण ते हसू लगेच मावळलं. आपल्या मोठ्या, राकट हातांकडे बघत त्याने हळूच विचारलं, "आणि... नाहीच भरला तर?"

"बहुतेक वेळा आपोआप भरतो. नाही भरला, तर शस्त्रक्रिया करता येते."

"मला दुसरं काही येत नाही हो," तो म्हणाला. यात थट्टा नव्हती. आत्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कानताईला उगाचच वाटलं, आपण एवढं रागवायला नको होतं.

तपासणीसाठी तो पुन्हा आला, मग पुन्हा आला. कान कोरडा ठेवायचा म्हणजे ठेवायचा. शब्दाला पक्का होता. दर खेपेला खुर्चीत बसता बसता काहीतरी बोलायचाच.

"पोरं म्हणतात, मास्तर सुकले."

"मास्तरांचा कान सुकला की बास."

"कान तुमच्या ताब्यात दिलाय. बाकीच्याचं काय ते बघा ना."

"बाकीचं आमच्याकडे बघत नाहीत. वरच्या मजल्यावर जा, तिथे डोळ्यांचा दवाखाना आहे."

"डोळे चांगले आहेत माझे. तुम्हाला पहिल्यांदा बघितलं तेव्हाच कळलं ते."

अशा वेळी ती दुर्बिणीला डोळा लावायची. दुर्बिणीआडून कुणाला आपलं हसू दिसत नाही, हा त्या यंत्राचा एक मोठाच फायदा.

एकदा तो गंभीर होऊन म्हणाला, "तुम्ही तलावावर येऊन मुलांना सांगाल? सगळी कानात काड्या घालतात. माझंच बघून शिकली असणार."

ती गेली. निळ्या फरशीचा मोठा तलाव, ओल्या काठावर चपलांची रांग, क्लोरीनचा नाकात चढणारा वास आणि पाण्यावर नाचणारा तिरपा उजेड. मास्तर कोरड्या सदऱ्यात काठावरच्या बाकावर पालथा पडून पाय कसे मारायचे ते दाखवत होता. हवेतच! मुलं पाण्यात खिदळत होती. कानताईला हसू आवरेना.

तेवढ्यात मधोमध पोचलेली एक छोटी मुलगी घाबरली. दोरीला घट्ट धरून जोरजोरात रडू लागली. दुसऱ्या मास्तरीणबाई पार पलीकडच्या टोकाला होत्या. कानताईने मास्तरकडे बघितलं. आता हा सूर मारणार!

त्याने सूर मारला नाही. जिन्याने उतरला, सदऱ्यासकट छातीइतक्या पाण्यात गेला. डाव्या कानावर तळहात घट्ट दाबलेला, मान बगळ्यासारखी ताठ, आणि तोंडाने शांतपणे, "इकडे बघ. माझ्या हनुवटीकडे बघ. मी कुणासारखा दिसतोय?"

"बगळा," मुलगी हुंदक्यातूनच म्हणाली.

"मग बगळ्याच्या खांद्याला धर."

एका हाताने कान आणि दुसऱ्या हाताने मुलगी सांभाळत तो काठावर आला. निथळत्या सदऱ्याने कानताईसमोर उभा राहिला आणि शाळेतल्या मुलासारखा म्हणाला, "थेंबसुद्धा नाही गेला. बघा हवं तर."

त्या क्षणी कानताईच्या आत काहीतरी हललं. नक्की काय, ते दुर्बिणीतून दिसण्यातलं नव्हतं.

मुलांशी बोलून झाल्यावर तो तिला फाटकापर्यंत सोडायला आला. ओला सदरा पिळत, इकडे तिकडे बघत... "समोर कॉफी चांगली मिळते. याल?"

यायचं होतं तिला. फार यायचं होतं. तरी ती थांबली. "तुम्ही माझे पेशंट आहात."

"म्हणून काय झालं? पेशंट कॉफी पीत नाहीत?"

"तसं नाही... उद्या तुमच्या कानात मला काही वाईट दिसलं, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी ते गोड करून सांगितलं, तर? हा नियम डॉक्टरीणबाईंचा नाही. माझा आहे."

त्याने सदऱ्याचं टोक पुन्हा एकदा पिळलं. मग "बरोबर आहे तुमचं" एवढंच म्हणाला.

पुढच्या तपासणीला तो आला नाही. त्याने दवाखान्यात फोन करून आपलं नाव काढून टाकायला सांगितलं होतं.

कानताईने ते ऐकलं आणि "बरं" म्हणाली. कान तपासले, मळ काढले, लोकांना काड्यांवरून रागावली. पण दारात कुणाची पावलं वाजली की तिचे कान टवकारले जायचे. कॉफीला नाही म्हटलं, तर कानच परत नेला? आणि तो पडदा? त्याच्याकडे कोण बघतंय? राग कुठे संपतो आणि काळजी कुठे सुरू होते, तेच तिला समजेना. डॉक्टरीणबाईंनी तिला तीनदा हाक मारली, मग म्हणाल्या, "अगं, आज तुझेच कान तपासायला हवेत."

आणि एका दुपारी आत्या हजर झाल्या. टेचात खुर्चीवर बसल्या. "माझे कान बघ."

तिने बघितले. "आत्या, कान अगदी स्वच्छ आहेत तुमचे."

"ते मला ठाऊक आहे. मी कान दाखवायला नाही, तोंड उघडायला आलेय." आत्यांनी दाराकडे एक नजर टाकली. "तो हल्ली पुलापलीकडच्या दवाखान्यात जातो. तिथला माणूस हुशार आहे म्हणे, पण हात बर्फासारखे. मी म्हटलं, अरे, घराजवळचं सोनं सोडून तिकडे काय मरायला जातोस? तर म्हणतो, 'आत्या, मला तिचा पेशंट राहायचं नाही.'"

कानताईच्या हातातली दिव्याची नळी तशीच पेटलेली राहिली.

"मग... भेटायला का नाही आले?"

"पडदा भरल्याशिवाय येणार नाही म्हणतो. 'काठावर बसलेला पोहणारा मी, कुठल्या तोंडाने जाऊ?' आता याला काय म्हणावं? अक्कलदाढ आली, पण एकटीच आली बघ." आत्या उठल्या. "आणि हे बघ, मी काही सांगितलं नाही हं. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

त्या संध्याकाळी कानताई तलावावर गेली. मुलं घरी गेली होती. पाणी हळूहळू शांत होत होतं. मास्तर तरंगणाऱ्या फळ्या गोळा करून कोपऱ्यात रचत होता. तिला बघताच हातातली फळी तशीच राहिली.

"तुम्ही?"

"हो. म्हटलं, आता मी तुमची कुणी नाही. म्हणजे... कानाच्या बाबतीत."

"आत्याने सांगितलं!"

"त्यांनी काहीही सांगितलेलं नाही. तसं सांगायला सांगितलंय त्यांनी."

तो हसला, मग नजर खाली घातली. "पडदा अजून पुरता भरलेला नाही. गेल्या खेपेला म्हणाले, छिद्र निम्म्यावर आलंय. म्हणून मी थांबलो होतो... नीट झाल्यावर..."

"मी काय पडद्याबरोबर कॉफी प्यायला आलेय का?"

तो बघतच राहिला. तिलाही आपल्या धिटाईचं नवल वाटलं. काहीतरी करायचं म्हणून तिचा हात सवयीने त्याच्या कानाकडे गेला. "निम्म्यावर म्हणजे नक्की किती? जरा उजेडाकडे वळा बघू—"

"अं हं!" तो झटकन मागे सरला. "बघायचं नाही. तुम्ही बघितलंत की मी पुन्हा पेशंट."

हात अधांतरी राहिला. तो मागे घ्यावा का, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात त्यानेच तो आपल्या हातात घेतला. त्याची बोटं पाण्याने खरखरीत झालेली, सावध. तिच्या हातात असलेल्या कुठल्याही नाजूक यंत्रापेक्षा सावध.

"थरथरतोय," तो म्हणाला. "कान साफ करताना नाही थरथरत."

"तेव्हा मला माहीत असतं, काय करायचंय ते."

त्याने राहिलेल्या फळ्या तशाच टाकल्या. दिवे मालवून, फाटकाला कुलूप लावून दोघं रस्त्यावर आली. दुकानांचे दिवे लागत होते. दोन पावलं गेल्यावर कानताई थबकली आणि त्याच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली.

"काय झालं?"

"काही नाही. तुमच्या उजव्या कानाच्या बाजूला आले."

"का?"

"एक वाक्य बोलायचंय. आणि ते मला दुसऱ्यांदा बोलायला जमेल असं वाटत नाही."

त्याने मान किंचित तिच्याकडे झुकवली. कॉफीचं दुकान समोरच होतं, रस्ता तेवढा ओलांडायचा होता. ती अगदी हळू म्हणाली, "मला तुम्ही आवडता. कान सोडूनसुद्धा."

मास्तरने तिचा हात पुन्हा हातात घेतला. रस्ता मोकळा झाला, मागची माणसं पुढे निघून गेली, तरी तो तिथेच उभा होता. कॉफीची घाई आता दोघांनाही नव्हती.