तांब्याच्या हंड्यातला मासा

“वाढला! तुझा मासा वाढला!” हर्षद धापा टाकत गंधालीच्या दारात उभा राहिला. “परवा बोटाएवढा होता, आज चक्क पंज्याएवढा! खाली लाइन लागलीय यार!”

गंधालीने दुधाचा पेला तसाच ठेवला आणि अनवाणीच धावली. मामाकडच्या गणपतीसाठी ती कालचा दिवस घाटकोपरला होती. एका दिवसात एवढं काय झालं? जिन्यात त्यांची मैत्रीण निधी भेटली, तीही मागोमाग धावली.

मुलुंडच्या या सोसायटीचं नाव ‘सागरदर्शन’. गच्चीवर चढून टाचा उंचावल्या तरी समुद्र काही दिसत नाही, पण नाव ठेवणाऱ्याला कोण विचारणार! यंदा गणपतीच्या देखाव्यात मत्स्यावतार होता. पुठ्ठ्याचा मनू राजा, त्याच्यापुढे चिंच लावून लखलखीत घासलेला तांब्याचा हंडा आणि हंड्यात खराखुरा मासा. मासा गंधालीचा. केशरी, गोलमटोल, शेपटीवर पांढरा ठिपका, नाव भोपळ्या. मंडळाचे सेक्रेटरी दशरथकाका स्वतः मागायला आले होते. “पाच दिवसांचा तर प्रश्न आहे गं! जसाच्या तसा परत देतो,” असं म्हणून घेऊन गेले होते.

मंडपात सोसायटीतले भाऊ माइकवर देखाव्याची गोष्ट सांगत होते. “मनू राजाच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला. म्हणाला, ‘राजा, मोठे मासे मला खातील. मला वाचव, मी तुला महापुरातून वाचवीन!’ आणि तो मासा वाढू लागला. बघा, आपल्याकडेही वाढतोय!”

“देवाची लीला!” रांगेतून कुणीतरी हात जोडले.

गंधालीने हंड्यात डोकावून पाहिलं. शेपटीवर ठिपका नव्हता!

“काका, हा भोपळ्या नाही!”

“अगं, देवाच्या दारात आहे, वाढणारच तो! चला, पुढे चला, लाइन अडवू नका!” दशरथकाकांनी कपाळावरचा घाम पुसला.

मंडपाबाहेर येताच गंधालीचे डोळे भरून आले. “तो मेला असेल तर? मीच दिला ना त्याला!”

“आधी बघू, मग रडू,” निधी म्हणाली. निधी अशीच, तोंडावर बोलणारी. पण तिने गंधालीचा हात घट्ट धरला होता.

दुपारी मंडप रिकामा झाला तेव्हा तिघंही मनूच्या मागच्या पडद्याआड बसली होती. थोड्याच वेळात दशरथकाका आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हंड्यातला मासा काढून डब्यात टाकला आणि पिशवीतून आणलेला त्याहून मोठा मासा हंड्यात सोडला!

“आयला! मासा वाढत नाही, बदलतोय!” हर्षद पुटपुटला.

डबा घेऊन काका मीटररूमकडे निघाले. मुलं त्यांच्या मागोमाग आत शिरली. तिथे प्लॅस्टिकची बादली होती आणि बादलीत भोपळ्या ऐटीत पोहत होता!

“भोपळ्या!” गंधाली किंचाळलीच.

काका दचकले. मग ओशाळून म्हणाले, “पहिल्याच संध्याकाळी तो उलटा व्हायला लागला गं. तू रडशील म्हणून इथे आणून ठेवला. दुकानात लहान मासे संपले होते, म्हणून मोठा आणला. लोकच म्हणाले वाढला! आता मी काय बोलणार? मग तोही मलूल झाला.”

निधी बादलीकडे बघत राहिली. “पाणी तेच, आपल्या टाकीचं. खाणं तेच. इथे मासा बरा होतो आणि तिथे आजारी पडतो. मग राहिलं काय? हंडा! आई तांब्याच्या भांड्यात ताक कधीच ठेवत नाही, कळकतं, तांबं उतरतं त्यात म्हणते. आपण तांब्याचं पाणी पेलाभर पितो. मासा तर त्यातच राहतो, त्यातच श्वास घेतो!”

“काहीतरीच! तांब्याचं पाणी तब्येतीला चांगलं असतं. आणि संध्याकाळी शेजारच्या सगळ्या सोसायट्या येणार आहेत. देखाव्याला कुणी हात लावायचा नाही!” काकांनी मुलांना बाहेर काढलं आणि कुलूप घातलं.

संध्याकाळच्या आरतीपर्यंत तिसरा मासाही वर येऊन तोंड उघडू-मिटू लागला. “याची वाट लागली,” हर्षद म्हणाला. गंधालीचा भोपळ्या सुखरूप होता, तरी तिला ते बघवेना. “हा माझा नाही म्हणून मरू द्यायचा का?”

“काकांनी ऐकलं नाही ना? मग मनूचं ऐकतील,” निधी म्हणाली आणि हर्षदच्या कानाला लागली.

मंडप खचाखच भरला. भाऊंनी गोष्ट सुरू केली. ते “मला वाचव!” म्हणाले, तोच निधीने हात वर केला. “भाऊ, मग मनूने काय केलं?”

कुणीतरी मन लावून ऐकतंय म्हणून भाऊ खूश! “मासा भांड्यात मावेना, तेव्हा राजाने त्याला तळ्यात सोडलं!”

“आपलाही मावत नाहीये! सोडा ना तळ्यात!”

मंडप भरण्याआधी त्यांनी मनूशेजारी आणून ठेवलेल्या वस्तूवरची चादर हर्षदने झर्रकन ओढली. खाली पाण्याने भरलेला मोठा निळा टब होता, कडेने केळीची पानं लावलेली!

“झकास! सोडा, सोडा!” लोकांनी टाळ्यांचा गजर केला. एवढ्या लोकांसमोर काका नाही कसं म्हणणार? त्यांनी स्वतःच्या हातांनी मासा टबात सोडला. मासा आधी कलंडला. मग त्याने शेपूट हलवली आणि सुळकन पानाखाली गेला.

दशरथकाकांनी पानाखालच्या माशाकडे वाकून पाहिलं. मग त्यांनी भाऊंच्या हातातून माइक घेतला. “मंडळी, चमत्कार वगैरे काही नाही. मासे मी बदलत होतो. मी तांब्याच्या हंड्याचा हट्ट धरला, म्हणून ते आजारी पडत होते. या पोरांनी सांगितलं तरी मी ऐकलं नाही. चुकलो.”

पुढच्या रांगेतल्या शेवंतीकाकू मोठ्याने म्हणाल्या, “चमत्कार नाय तर नाय! पोरांनी जीव वाचवल्यानी, ह्या काय थोडा झाला?”

पुन्हा टाळ्या! “आम्ही नुसती मनूची गोष्ट सांगत बसलो,” भाऊ म्हणाले, “मनूचं काम या तिघांनी केलं. शाब्बास रे पोरांनो!” हर्षदची कॉलर ताठ झाली. निधी पहिल्यांदाच लाजली.

काकांनी मीटररूम उघडून बादली आणली आणि गंधालीच्या हातात दिली. “जसाच्या तसा देतो म्हणालो होतो गं. रागावलीस?”

“हो, खूप,” गंधाली म्हणाली. मग तिने बादलीत खाण्याचे दोन दाणे टाकले. भोपळ्या तरंगत वर आला आणि दोन्ही गट्ट करून आणखी मागू लागला. गंधाली रडतारडता हसायला लागली.